नऊ लाख साठ हजार ओहोट्या

माडबंदरच्या खाडीतली कालवं हृदयरोग्याला अर्क देतात, पण देण्याआधी त्याची मुलाखत घेतात. बाहेरगावच्या माणसांना याचं नवल वाटतं. मला त्यांच्या नवलाचं नवल वाटतं. साधा भाडेकरू ठेवायचा तर आपण त्याला दहा प्रश्न विचारतो. इथे तर एक बाटली अर्क काढायचा म्हणजे एक कालव कायमचं जातं. त्यांनी चौकशी करायची नाही तर कुणी करायची?

मी माडबंदरच्या आरोग्य केंद्रात कंपाउंडर आहे. अकरा वर्षांपूर्वी अर्काची योजना आली तेव्हा मुलाखतीचं इतिवृत्त कोण लिहिणार असा प्रश्न निघाला. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून ओहोटीच्या वेळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी पाण्यात उभा असतो.

पद्धत सोपी आहे. आधी डॉक्टर तपासतात. मग सोळा रकान्यांचा अर्ज भरायचा. मग ओहोटीला खाडीतल्या मोठ्या खडपापाशी, म्हणजे जिथे कालवं चिकटून राहतात त्या खडकापाशी, अर्जदाराने घोटाभर पाण्यात उभं राहायचं. पाण्यातूनच कालवांना माणसाच्या काळजाचा ठोका कळतो. माणूस खरं बोलला तर ठोका सरळ येतो, खोटं बोलला तर मध्येच एक चुकतो. भरतीच्या वेळी मुलाखती होत नाहीत, कारण भरती ही कालवांची जेवणाची वेळ आणि जेवताना ती कुणाचं ऐकत नाहीत. आमचं जिल्हा कार्यालयही ऐकत नाही, त्यामुळे मला सवय आहे. पाणी थोरल्या कालवाच्या तोंडाला लागलं की सभा तहकूब.

थोरलं कालव खडपाच्या माथ्यावर असतं. तळहाताएवढं आहे आणि शुद्ध मराठी बोलतं. त्याच्या कानावर माणसाचं बोलणं पहिल्यांदा पडलं ते पाहणीला आलेल्या साहेबांचं. त्यामुळे 'सबब' आणि 'उपरोक्त' हे शब्द त्याच्या तोंडात बसलेत.

अर्काच्या बाटलीवर चिठ्ठी असते: 'हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांपासून संभाव्य संरक्षण'. आमच्या डॉक्टर उज्ज्वला सोनटक्के मूळच्या जालन्याच्या. त्यांनी समुद्र पाहिला तो नोकरीला लागल्यावर. त्या प्रत्येक अर्जदाराला 'संभाव्य' या शब्दाखाली पेनने रेघ मारून दाखवतात आणि सांगतात, "संभाव्य म्हणजे होईल असं नाही. संभाव्य म्हणजे होऊ शकेल. घरी जाऊन मला शिव्या द्यायच्या नाहीत."

सगळं अडतं ते चौदाव्या रकान्यात. 'अर्जदार कालवं खातो/खाते काय? असल्यास आजवर अंदाजे किती?' माडबंदरच्या एकूण एक अर्जदाराने तिथे 'शाकाहारी' असं लिहिलेलं आहे. सरकारदरबारी आमचं गाव पूर्ण शाकाहारी आहे. एकदा जिल्ह्याहून विचारणा आली की, गाव शाकाहारी असेल तर किनाऱ्यावर चाळीस होड्या कशासाठी? मी उत्तर पाठवलं, फिरण्यासाठी.

अकरा वर्षांत अर्क मिळाला फक्त दोघांना. एक बँकेचे मॅनेजर, ते लातूरचे आणि खरोखरच शाकाहारी होते. दुसरी एक म्हातारी, जिला काहीच आठवत नव्हतं, त्यामुळे तिचा ठोका चुकायचा प्रश्नच आला नाही. बाकी सगळे पाण्यात उभे राहून 'शाकाहारी' म्हणाले, ठोका चुकला, अर्ज फेटाळला. यावरून गावाने धडा घेतला तो असा की, अर्क शाकाहारी माणसालाच मिळतो, तेव्हा आपण आणखी चांगल्या रीतीने शाकाहारी म्हणायला शिकलं पाहिजे. दोघांनी तर त्यासाठी गळ्यात माळ घातली. मी कधी बोललो नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याने मत द्यायचं नसतं.

या वर्षी माघात गुणवंती टिकम अर्ज घेऊन आली तेव्हा मात्र माझं पेन थांबलं.

गुणवंती अडुसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं तिने त्याच खडपावरची कालवं कोयतीने फोडून काढली होती. आडव्या टोपलीत ओली फडकी घालून ती बाजारात बसायची आणि तिची कालवं दहाच्या आत संपायची. आता तिला देवळाच्या सात पायऱ्या चढताना दोनदा बसावं लागत होतं. डॉक्टरांनी तिचा नवरा वामन याला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्यात, हृदय थकलंय, मोठं ऑपरेशन ते सोसणार नाही. गोळ्या चालू राहतील. पण नुसत्या गोळ्यांवर ती गणपती बघेल की नाही हे सांगता येत नाही.

वामन बहात्तरचा, बारीक, तापट माणूस. घरात असला की शेजारच्या वाडीला कळतं. तो माझ्या खिडकीशी आला आणि हळू बोलला, तेव्हाच मला काळजी वाटली.

"कंपाउंडरानू, चौदाव्यात शाकाहारी लिवा."

"अरे वामन, ती कालवं फोडणारी बाई. त्यांना ठाऊक नसेल?"

"तरी लिवा. येखाद्या वेळेक ठोको चुकाचो नाय."

गुणवंती मागच्या बाकावर बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "तो रकानो रिकामो ठेवा. मी तोंडान सांगतंय."

मुलाखत अष्टमीच्या ओहोटीला झाली. गुणवंती पाण्यात उभी राहिली, डॉक्टर छत्री घेऊन काठावर, वामन त्यांच्या मागे. थोरल्या कालवाने नाव, गाव, वय विचारलं. मग म्हणालं, "रकाना चौदा. अर्जदार कालवं खातात काय?"

वामन मोठ्याने खोकला.

"खातंय," गुणवंती म्हणाली.

खडपावरच्या सगळ्या कालवांनी एकदम शिंपले मिटले. टक् असा आवाज झाला.

"आजवर किती?" थोरल्या कालवाने मिटल्या तोंडाने विचारलं.

"खाल्ली ती जाव दे. फोडलंय किती तां विचारा. दिसाक दोनशां. वर्साचे चार म्हयने. चाळीस वर्सां."

मी कागदाच्या कडेला गुणाकार केला. नऊ लाख साठ हजार. थोरल्या कालवाने मला आकडा पुन्हा वाचायला लावला, मग अक्षरी वाचायला लावला.

"आमचे वडील, जे पुढे आमची आई झाले, ते याच खडपावर होते," ते म्हणालं. कालवांमध्ये असं होतं, त्यात विशेष काही नाही.

"खंयच्या बाजूक?"

"दक्षिणेकडे. कोनाड्यात."

"मगे मीच न्हेलंय," गुणवंती म्हणाली. "माका याद आसा. घट्ट धरून होते. लय येळ गेलो सोडवूक."

खाडीचं पाणी माझ्या पोटऱ्यांना लागत होतं.

"ठोका सरळ आहे," थोरलं कालव शेवटी म्हणालं. "अर्जदार खरं बोलतात, सबब अर्ज फेटाळता येत नाही. परंतु उपरोक्त कारणामुळे त्यांच्यासाठी जायला आमच्यातलं कुणीही तयार नाही, सबब मंजूरही करता येत नाही. पुढील ओहोटीला निर्णय." पाणी त्याच्या तोंडाला लागलं आणि सभा तहकूब झाली.

वामनचा आवाज परत आला तो बंदराच्या वाटेवर. "काय गरज होती गो तुका? काय गरज होती?"

"अवो, पाण्यात उभी होतंय. पाण्यात उभां रवान खोटां बोलाचां?"

"सगळो गाव बोलता!"

"म्हणान सगळो गाव रिकामो परत येता," ती म्हणाली आणि धाप लागली म्हणून दगडावर टेकली. वामन तिच्यासमोर उभा राहून ओरडायचं विसरला.

संध्याकाळी तो पुन्हा माझ्या खिडकीशी. म्हणाला, "कंपाउंडरानू, पंचेचाळीस वर्सां मी तिच्यावांगडा भांडतंय. ती गेली तर मी सकाळी उठान काय करू?" मला वाईट वाटलं. वामनसारखा माणूस असलं काही बोलला की त्याच्याकडे बघवत नाही. मी त्याला रकान्याबाहेरचा एक सल्ला दिला, जो मी द्यायला नको होता. मी म्हणालो, "अर्जाने भागलं नाही, तर आपल्याकडे आणखी काय करतात?"

त्याला लगेच कळलं. आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात.

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी. एकजण म्हणतो आणि प्रत्येक ओळीशेवटी बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून तिला दुजोरा देतात. म्हणणारा काय म्हणतो हे कुणी फारसं ऐकत नाही. 'म्हाराजा' कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. आमच्या एका सरपंचांनी पाणीपट्टीच्या वाढीचा ठराव ग्रामसभेत याच चालीवर म्हटला होता. तो एकमताने मंजूर झाला आणि लोकांना पत्ता लागला तो बिल आल्यावर.

पुढच्या ओहोटीला दीडदोनशे माणसं खाडीत उतरली. गाऱ्हाणं घालण्याचा मान भिकाजी घाडी यांचा. त्यांनी खडपासमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा माडबंदरच्या खडपावरल्या थोरल्या कालवा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेक गुणवंती तुझ्या पायाकडे इली आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कालवाला पाय नसतात, पण कुणी हरकत घेतली नाही.

"तिच्या हातून जां काय फुटला तुटला आसात, तां पोटात घाल, नी तिच्या काळजाची राखण कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. थोरलं कालव उघडलं. अकरा वर्षांत ते माझ्यासमोर कधी मालवणीत बोललं नव्हतं. त्या दिवशी बोललं, आणि घाडींच्याच चालीत बोललं.

"बा माडबंदरच्या माणसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दीडदोनशे तोंडं.

"तुझ्या ह्या लेकीन आमची नऊ लाख साठ हजार फोडली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर तिणा येकेका जिवापाठी येक दीस ओहोटीक हय येवन आमच्या शेजारी बसाचां, नी तितके दीस पुरे झाल्याबिगर खंय जावचां नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज वामनचा होता. मी इतिवृत्तात लिहिलं: अट सर्वानुमते मंजूर.

मग लोकांना आपण काय म्हणालो ते हळूहळू ऐकू आलं. वामन माझ्याकडे वळला. "काय म्हटल्यान तेणा?"

मी वाचून दाखवलं. नऊ लाख साठ हजार दिवस, म्हणजे दोन हजार सहाशे तीस वर्षं आणि पन्नास दिवस. यात लीप वर्षं धरायची की नाहीत हे मी जिल्हा कार्यालयाला लिहून विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

वामन घाडींवर ओरडला, मग गावावर ओरडला, मग स्वतःच्या तोंडात मारून घेतली. "माका काय," गुणवंती पाण्यातून म्हणाली. "इतकी वर्सां हयच बसत होतंय. आता कोयतीशिवाय बसान."

डॉक्टर सोनटक्के एवढा वेळ काठावर गप्प होत्या. गाऱ्हाण्याच्या वेळी फक्त त्याच गप्प होत्या, कारण जालन्याकडे ही पद्धत नाही. त्यांनी छत्री मिटली आणि सरळ पाण्यात आल्या, चपलांसकट.

"कंपाउंडर, नियम नऊ वाचा."

मी वाचला. "मंजूर झालेली अट पूर्ण होईपर्यंत अर्जदार हजर राहील, याची जबाबदारी अट घालणाऱ्याची राहील."

"बरं," डॉक्टर थोरल्या कालवाला म्हणाल्या, "आता माझं ऐका. मी यांना तपासलंय. अर्क नाही मिळाला तर ह्या गणपतीपर्यंतसुद्धा टिकतील की नाही, मी सांगू शकत नाही. मग उरलेली दोन हजार सहाशे एकोणतीस वर्षं इथे कोण बसणार? तुम्ही?"

थोरलं कालव मिटलं.

खडपावर कुजबुज सुरू झाली. कालवांची कुजबुज म्हणजे बारीक टकटक असते. पाणी चढत होतं. लोक एकेक करून काठाकडे सरकले. आम्ही चौघंच राहिलो. गुणवंतीचे ओठ काळपट दिसायला लागले होते. वामन तिचा दंड धरून उभा होता. पाणी थोरल्या कालवाच्या तोंडापासून बोटभर खाली असताना ते उघडलं.

"आम्ही अटीचा विचार पुरेसा केला नव्हता," ते म्हणालं. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. सरकारी दप्तरात असं वाक्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. "सबब, अर्क मंजूर. दर महिन्याला एक बाटली, शिक्षा पूर्ण होईपर्यंत. कोण जाणार ते ठरवावं लागेल."

"मी जातो," कडेचं एक कालव म्हणालं. "पण कंपाउंडरने फोडायचं नाही. तो स्क्रूड्रायव्हर वापरतो."

अकरा वर्षांत मी दोनच कालवं फोडली होती आणि दोघांपैकी कुणी माझ्याकडे तक्रार केलेली नव्हती.

"मग कुणी फोडायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिने," ते कालव म्हणालं. "तिचा हात चांगला आहे, असं आमच्यात म्हणतात."

गुणवंतीने कमरेची कोयती काढली. मुलाखतीलाही तिने ती आणली होती, सवयीने. पात्याचं टोक तिने कुठे लावलं ते मला दिसलंसुद्धा नाही. एकदा मनगट वळलं आणि कालव सबंध तिच्या तळहातावर आलं, कडा न फुटता. तिने ते कपाळाला लावलं आणि डॉक्टरांच्या भांड्यात ठेवलं. मी आकड्यात एक मिळवला. नियमाप्रमाणे तेही तिच्याच नावावर. त्यामुळे शिक्षा दर महिन्याला एका दिवसाने वाढते.

अर्क लागू पडला. डॉक्टरांच्या भाषेत, संभाव्यपणे लागू पडला. होळीला गुणवंती देवळाच्या चार पायऱ्या न थांबता चढली, पाडव्याला सात. रोज दिवसाच्या ओहोटीला ती गोणपाटाची घडी घेऊन खडपावर जाऊन बसायची. पहिले काही दिवस कालवं मिटून असायची. मग ती त्यांना बाजारातल्या गोष्टी सांगायला लागली. कुणाच्या सुनेने काय केलं, कोण कुणाशी बोलत नाही. जाणाऱ्यांची यादी आता माझ्याकडे आगाऊ येते. पुढची तीन वर्षं भरलेली आहेत.

वामन रोज थर्मासमधून चहा आणायचा, काठावर उभा राहून तिच्याशी भांडायचा आणि घरी जायचा. गणपतीत ती आरतीला शेवटपर्यंत उभी होती. तेव्हा तो इतका खूश होता की त्याने माझ्या घरी स्वतः मोदक आणून दिले.

विसर्जनानंतर चौथ्या दिवशी तो माझ्या खिडकीशी आला. अर्ज भरलेला होता. अर्जदार वामन टिकम.

"तुला काय झालं?"

"हय धडधडता," त्याने छातीवर हात ठेवला. मग बाकावर बसला. "कंपाउंडरानू, मी राती हिशोब केलंय. ती दोन हजार वर्सां हय बसतली. माझी उरली धा, लय तर बारा. तेच्यानंतर तिका चाय कोण देतलो? ती कोणावांगडा भांडतली?"

याला माझ्याकडे रकाना नव्हता. मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं आणि कागदावर लिहिलं, 'ठोका अनियमित'. नंतर मी त्यांना एकटं गाठून विचारलं, खरंच का? त्या म्हणाल्या, "माझ्या खिडकीतून खडप दिसतं. ते तिकडे बघत होते तेव्हाचा ठोका लिहिलाय मी. दिवसातला कुठला ठोका लिहायचा, हे नियमात कुठेय?"

मी अर्ज तपासला. चौदाव्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'होय. नऊ लाख साठ हजार.' माडबंदरमध्ये त्या रकान्यात आकडा लिहिणारा हा पहिला माणूस. गुणवंतीने तर रकाना रिकामा ठेवला होता.

"वामन, इतकी तर तिने एकूण फोडली. त्यातली बहुतेक बाजारात विकली."

"ती पण मीच खाल्लंय."

"विकलेली?"

"इकत घेवन खाल्लंय."

"सगळी?"

"माका आवडतत," तो म्हणाला आणि अर्जावर सही केली.

खोटं बोलणाऱ्याचा अर्ज त्याच ओहोटीला फेटाळला जातो आणि पुन्हा करता येत नाही, हे मी त्याला नियमातून वाचून दाखवलं. खरं लिहिलं असतं तर घरात शिजलेल्या कालवांची मिळून त्याला पाऊणशे वर्षांची शिक्षा तरी सहज लागली असती. तेही मी सांगितलं. तो म्हणाला, "पाऊणशे वर्सां घेवन काय करू? ती तिकडे हजारात."

मुलाखतीच्या दिवशी गुणवंती तिच्या नेहमीच्या जागी गोणपाटावर पाय पाण्यात सोडून बसली होती. वामन समोर पाण्यात उभा. मी वही घेऊन मध्ये.

"रकाना चौदा," थोरलं कालव म्हणालं. "नऊ लाख साठ हजार. ही अर्जदाराने खाल्ली आहेत काय?"

"अवो..." गुणवंती म्हणाली.

"तू गप रव गो. व्हय, खाल्लंय. सगळी. येकट्यान."

ते मलाही जाणवलं. मी त्याच पाण्यात उभा होतो. एक ठोका आला, दुसरा आला, आणि तिसऱ्याच्या जागी काहीच आलं नाही. कुणी जिन्याची एक पायरी गाळावी तसं. मग पुढचा आला तो घाईघाईने.

थोरलं कालव गुणवंतीला म्हणालं, "साक्षीदार म्हणून विचारतो. अर्जदाराचं विधान खरं आहे काय?"

जी बाई स्वतःच्या जिवासाठी खोटं बोलली नव्हती तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्यात ताठ उभा होता आणि पँटची एक बाजू दुमडायची विसरला होता.

"मी फोडी होतंय," ती म्हणाली. "खाणाऱ्याचे घास कोण मोजता?"

तिचा ठोका सरळ आला.

"अर्जदाराचा ठोका चुकला," थोरलं कालव म्हणालं.

वामनने डोळे मिटले. मी पेन उचललं. अशा वेळी काय लिहायचं ते अकरा वर्षांत माझ्या हाताला पाठ झालं आहे. तरी त्या दिवशी मी आधी तारीखच लिहिली. पाणी चढत होतं. थोरलं कालव मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. त्याच्या अंगावर पहिली लाट आली आणि गेली.

"हृदयरोगी आहेत," ते म्हणालं. "चुकणारच. लिहा, नऊ लाख साठ हजार."

मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटी सव्वानऊला होती. वामन नऊलाच गोणपाट घेऊन खडपावर हजर झाला आणि थर्मास घरी विसरला.

"पयल्याच दिसाक चाय इसारलात," गुणवंती म्हणाली. "दोन हजार वर्सां कशी काढूची तुमच्यावांगडा?"

"सरक गो जरा," वामन म्हणाला. ती सरकली.